डोंगरवाटेची मोटारसायकल आणि तिचा कार्ब्युरेटर

डांबरी रस्त्यावरून धांवणाऱ्या मोटारसायकलीच्या मालकाला तिचा कार्ब्युरेटर कोणत्या जातीचा आहे याची फारशी फिकीर करावी लागत नाहीं. रस्ता सपाट असतो, वेग हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो, आणि एंजिनाला लागणारी पेट्रोलची मात्रा बराच वेळ जवळजवळ एकसारखी राहते. पण तीच गाडी रस्ता सोडून वाळूंत, चिखलांत किंवा ओढ्याच्या दगडगोट्यांत उतरली म्हणजे सारेंच पालटतें. एका क्षणीं मागचें चाक हवेंत मोकळें फिरत असतें, दुसऱ्या क्षणीं तें चिखलांत रुतलेलें असतें. गाडी कधीं चढावर नाक वर करून उभी, तर कधीं उतारावर डोकें खालीं घालून घसरत चाललेली. अशा वेळीं एंजिनानें स्वाराच्या हाताचा हुकूम तात्काळ मानावा, कीं स्वतःला झेपेल तेवढेंच घ्यावें? रस्ता सोडून चालणाऱ्या मोटारसायकली आणि चार रुंद चाकांच्या क्वाड गाड्या यांच्यासाठीं जे निरनिराळे कार्ब्युरेटर निघाले, तीं या एकाच प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें होत. त्या प्रत्येकांत काय साधतें आणि त्याची काय किंमत मोजावी लागते, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम कार्ब्युरेटरचें मूळ काम ध्यानांत घेऊं. पेट्रोल द्रवरूपांत एंजिनांत ओतून भागत नाहीं. त्याचे अतिशय बारीक तुषार करून ते हवेशीं ठराविक प्रमाणांत मिसळावे लागतात. एक किलो पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें १४.७ किलो हवा लागते. वजनाचा हा हिशेब आकारमानांत मांडला तर चकित व्हावें लागतें : एक लिटर पेट्रोलला जवळजवळ ९,००० लिटर हवा! दहा फूट लांब, तितक्याच रुंद आणि तितक्याच उंच खोलींतली सगळी हवा तीन लिटर पेट्रोललाच काय ती पुरेल. पेट्रोल अधिक झालें म्हणजे मिश्रण दाट होतें. धूर येतो, स्पार्क प्लग काळा पडतो, एंजिन गुदमरतें. पेट्रोल कमी पडलें म्हणजे मिश्रण विरळ होतें, आणि हा दोष अधिक धोक्याचा, कारण एंजिन अतोनात तापतें. टू-स्ट्रोक एंजिनांत वंगणाचें तेल पुष्कळदां पेट्रोलमध्येंच मिसळलेलें असतें. तेथें पेट्रोल कमी पडलें कीं वंगणहि कमी पडतें. तापून फुगलेला पिस्टन सिलिंडरमध्यें अडकतो, भर वेगांत मागचें चाक एकाएकीं जखडतें आणि स्वार फेंकला जातो. तेव्हां कार्ब्युरेटरची निवड आणि त्याची जुळणी हा नुसत्या हौसेचा विषय नाहीं. हातपाय शाबूत राहण्याशींहि त्याचा संबंध आहे.

हवेच्या अंगीं पेट्रोल ओढून घेण्याची शक्ति कोठून येते? कागदाचे दोन कपटे बोटभर अंतरावर समोरासमोर लोंबत धरून त्यांच्या मधून फुंकर घालून पाहावी. ते दूर जातील अशी आपली कल्पना. प्रत्यक्षांत ते एकमेकांकडे ओढले जातात. प्रवाहाचा वेग वाढला कीं त्याचा दाब उतरतो, हें तत्त्व डॅनिएल बर्नुली यानें १७३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत मांडलें, आणि मध्येंच आंवळलेल्या नळींतून प्रवाह जातांना काय घडतें याचें विवेचन व्हेंच्युरी या इटालियन पदार्थवैज्ञानिकानें १७९७ सालीं केलें. कार्ब्युरेटरचा गळा ही अशीच आंवळलेली नळी. तिच्या अरुंद भागांत पेट्रोलच्या वाटींतून येणारें बारीक तोंड उघडतें. तेथला दाब उतरला म्हणजे बाहेरील हवेचा दाब वाटींतलें पेट्रोल वर ढकलतो आणि तें तुषाररूपानें आंत जातें. १८९३ सालीं जर्मनींत विल्हेल्म मायबाख यानें, आणि हंगेरींत डोनाट बांकी व यानोश चोंका या जोडीनें, अशा तऱ्हेचे फवाऱ्याचे कार्ब्युरेटर सिद्ध केले. वाटींतली पेट्रोलची पातळी एक तरंगता फ्लोट सांभाळतो. घरच्या पाण्याच्या टांकींतला गोळा टांकी भरली म्हणजे तोटी बंद करतो, तीच ही युक्ति.

येथपर्यंत सर्व कार्ब्युरेटर सारखेच. भेद पडतो तो पुढें : हा गळा केव्हां आणि किती उघडावा हें कोणीं ठरवावें?

पहिल्या जातींत तें स्वाराचा हात ठरवितो. मूठ पिळली कीं तार ओढली जाते आणि गळ्यांत आडवी बसलेली स्लाइड उचलली जाते. स्लाइडला खालीं एक निमुळती सुई लोंबत असते. ती वर आली कीं पेट्रोलची वाट रुंद होते. इंग्लंडांत १९२७ सालीं तीन कारखाने एकत्र येऊन स्थापन झालेल्या अमल कंपनीनें या घाटाचे कार्ब्युरेटर मोटारसायकलींच्या जगांत सर्वत्र रूढ केले. पुढें जपानच्या मिकुनी कंपनीनें अमलच्याच परवान्यावर तो घाट उचलला. तिचा गोल स्लाइडचा ‘व्हीएम’ कार्ब्युरेटर ही या जातीची उत्तम वानगी आहे. आपल्याकडील बुलेटवर अनेक वर्षें असलेला ‘मिक्कार्ब’ त्याच कुळांतला.

यांतील कामाची वांटणी मोठी सुबक असते. मूठ जेमतेम उघडी असतां पायलट जेट पेट्रोल पुरवितो. त्यापुढें पाव उघडीपर्यंत स्लाइडच्या तोंडाशीं दिलेल्या तिरप्या कापाचा अंमल असतो. पाव ते पाऊण या मधल्या पल्ल्यांत सुई राज्य करते. आणि पाऊणापासून पुरी उघडीपर्यंत मेन जेटची सत्ता. चाणाक्ष मिस्त्री गाडी कोणत्या उघडीला अडखळते एवढेंच विचारतो आणि नेमका तोच भाग बदलतो. सुटे भाग थोडे, ते पितळेचे आणि स्वस्त, आणि सर्व कांहीं डोळ्यांना दिसणारें. रानावनांत स्क्रूड्रायव्हरनें उघडून साफ करतां येईल असा कार्ब्युरेटर हवा असेल तर तो हाच.

पण त्याचा एक दोष आहे. स्वारानें मूठ एकदम पुरी उघडली म्हणजे गळा क्षणांत मोकळा होतो, पण एंजिनाची गति अद्याप मंदच असते. मोठ्या गळ्यांतून थोडी हवा सावकाश वाहूं लागते, दाब उतरत नाहीं, आणि पेट्रोल हवेहून जड असल्यामुळें मागें राहतें. एंजिन क्षणभर उपाशी राहतें, खांकरतें, कधीं बंदहि पडतें. टू-स्ट्रोक गाड्यांना हा धक्का त्या मानानें सोसतो. म्हणून त्यांच्या शर्यतींत हाताच्या स्लाइडचा कार्ब्युरेटरच टिकून राहिला. फक्त गोल स्लाइड जाऊन पातळ स्लाइड आली. पातळ स्लाइडमुळें गळ्यांत भोवरे कमी उठतात आणि थोड्या उघडीलाहि ओढ जोरदार मिळते. मिकुनीचा ‘टीएमएक्स’ आणि एका बाजूनें सपाट व दुसऱ्या बाजूनें गोलसर स्लाइडचा, केहिन कंपनीचा ‘पीडब्ल्यूके’, हे या सुधारणेचे नामांकित प्रतिनिधि होत.

दुसऱ्या जातींत हुकूम चालतो एंजिनाच्या श्वासाचा. हिला सी.व्ही., म्हणजे सम-वेगाचा कार्ब्युरेटर म्हणतात. तिचा पूर्वज मोटारींचा आहे. इंग्लंडांत पादत्राणांच्या व्यापारांतील स्किनर घराण्यांत १९०५ च्या सुमारास जो एस्. यू. कार्ब्युरेटर निघाला, त्याच्या आरंभींच्या नमुन्यांत आपोआप वरखालीं होणारा चामड्याचा भाता होता! आजच्या सी.व्ही. कार्ब्युरेटरांत त्या भात्याच्या जागीं पातळ रबरी पडदा असतो. स्वाराची मूठ येथें स्लाइडला शिवतच नाहीं. ती मागच्या बाजूची एक पातळ झडप फिरविते. झडप उघडली आणि एंजिनाची ओढ वाढली म्हणजे ती ओढ पडद्याच्या वरच्या बाजूस पोंचते, आणि पडदा स्लाइडला वर उचलतो. ओढ जेवढी, स्लाइड तेवढीच वर. त्यामुळें अरुंद भागांतील हवेचा वेग जवळजवळ सारखा राहतो. स्वारानें घाईनें मूठ पिळली तरी एंजिन आपल्याला पचेल तेवढाच घांस घेतें. खांकरणें जवळपास नाहींसें होतें. मोटारसायकलींत होंडाच्या १९६५ सालच्या सीबी ४५० पासून ही पद्धति रुळली.

डोंगराळ मुलखांत या स्वभावाचा आणखी एक फायदा होतो. लडाखांतील खारदुंग-ला खिंड सुमारें ५,३५९ मीटर उंच आहे. तेथें हवेची घनता समुद्रकांठच्या मानानें साठ टक्क्यांहूनहि थोडी कमी भरते. हवा विरळ झाली तरी हाताच्या स्लाइडची सुई आणि जेट आहेत तेच राहतात. हिशेब केला तर पुऱ्या उघडीला मिश्रण सुमारें तीस टक्के दाट होतें. गाडी धूर ओकूं लागते, चढ चढेनाशी होते. सी.व्ही. कार्ब्युरेटरांत विरळ हवेची ओढहि कमी असल्यामुळें स्लाइड आपोआप कमी उचलली जाते, सुई खालीं राहते आणि पेट्रोल कांहीं अंशीं आवरलें जातें. ही भरपाई पुरी नसते, आणि स्लाइड एकदां शेवटपर्यंत वर गेली म्हणजे ती संपते. तरीपण पुण्यामुंबईहून लडाखला मोटारसायकलीनें जाणाऱ्या मंडळींच्या दृष्टीनें खिंड ओलांडणें आणि खिंडींत थंडीवाऱ्यांत अडकून पडणें यांतला फरक कधीं कधीं एवढाच असतो. रॉयल एन्फिल्डची ‘हिमालयन’ २०१६ सालीं निघाली तेव्हां तिच्या पहिल्या रूपांत सी.व्ही. जातीचाच कार्ब्युरेटर होता, हें या दृष्टीनें समजण्यासारखें आहे.

मग सी.व्ही. सर्वांनींच कां पत्करूं नये? त्याचें कारण शर्यतीच्या मैदानांत सांपडतें. उडी घेण्याच्या ऐन क्षणीं स्वाराला शक्ति मागतांच हवी असते, आणि सी.व्ही.ची स्लाइड ओढ तयार होईपर्यंत थांबते. हा विलंब पळभराचा, पण उडी मारणाराला तो फार वाटतो. शिवाय रबरी पडदा नाजूक असतो. तो फाटला म्हणजे स्लाइड उचलली जात नाहीं. गाडी सुरू होते, उभ्या जागीं गुरगुरते, पण वेग म्हणून घेत नाहीं. रानांत पडदा शिवतां येत नाहीं.

शर्यतींत फोर-स्ट्रोक एंजिनें पुन्हां पुढें आलीं तेव्हां ही अडचण ऐरणीवर आली. त्यांना हाताची तत्परताहि हवी होती आणि खांकरणेंहि परवडत नव्हतें. यावर तोड निघाली ती तिसरी जात : हाताच्या पातळ स्लाइडला जोडलेली पिचकारी. मूठ झटक्यानें उघडली कीं एक छोटा पंप पेट्रोलची बारीक धार थेट गळ्यांत सोडतो आणि मागें राहिलेल्या पेट्रोलची तूट त्या क्षणापुरती भरून काढतो. केहिनचा ‘एफसीआर’ हा या जातीचा अग्रणी. एंजिनाच्या ओढीनें स्लाइड भिंतीवर दाबली जाऊन जड होऊं नये म्हणून त्यांत तिला बारीक रूळहि बसविले आहेत. यामाहाच्या १९९८ सालच्या वायझेड ४०० एफ या गाडीवर हा कार्ब्युरेटर होता, आणि फोर-स्ट्रोकनें मोटोक्रॉसच्या मैदानावर टू-स्ट्रोकला गांठलें त्याच्या श्रेयांत या पिचकारीचा वांटा निश्चित आहे.

पण फुकट कांहींच मिळत नाहीं. पिचकारी मूठ पिळली कीं उडते; एंजिन बंद आहे कीं चालूं, हें तिला कळत नाहीं. पडलेली गाडी उचलून घाईनें दोनचारदां मूठ पिळणारा स्वार एंजिन पेट्रोलनें भिजवून ठेवतो आणि मग किक मारून मारून थकतो. याचसाठीं अशा गाड्यांवर तापलेलें एंजिन सुरू करण्याकरितां जादा हवा देणारी एक निराळी कळ बसवावी लागली. पेट्रोल अधिक लागतें, आणि पिचकारीची धार केव्हां सुरू व्हावी व किती टिकावी ही जुळणी बारकाईचें काम आहे.

दोन्ही पद्धतींची तुलना एकाच घरांत पाहावयाची असेल तर सुझुकीची २००० सालीं निघालेली डीआर-झेड ४०० पाहावी. तिचें रस्त्यावर चालणारें ‘एस्’ रूप मिकुनीच्या ३६ मिलिमीटर सी.व्ही. कार्ब्युरेटरचें, तर मुख्यतः रानवाटांसाठीं काढलेलें ‘ई’ रूप केहिनच्या ३९ मिलिमीटर एफसीआरचें. एंजिनाचा सांगाडा तोच. ‘ई’चें कॉम्प्रेशन थोडें अधिक. पहिली सौम्य, काटकसरी आणि लांब पल्ल्याला निर्धास्त. दुसरी मुठीच्या इशाऱ्यावर उसळणारी आणि तितकीच लक्ष मागणारी. कारखानदारानें एकीला श्रेष्ठ आणि दुसरीला कनिष्ठ ठरविलें नाहीं. दोघींचीं कामें निराळीं म्हणून श्वासनलिकाहि निराळ्या दिल्या.

क्वाड गाड्यांत हाच भेद दिसतो, पण त्याला एक निराळें कारण येऊन मिळतें. क्वाडवर मूठ पिळावयाची नसते. उजव्या अंगठ्यानें एक खटका दाबावयाचा असतो. खडबडीत जमिनीवर चारहि चाकें आळीपाळीनें आदळत असतां तो अंगठा स्थिर राहत नाहीं. हाताच्या स्लाइडचा कार्ब्युरेटर अंगठ्याचा प्रत्येक थरकांप इमानेंइतबारें एंजिनापर्यंत पोंचवितो; सी.व्ही. तो बराचसा गिळून टाकतो. म्हणून ओझीं वाहणाऱ्या, शेतावर व कुरणांवर दिवसभर सावकाश चालणाऱ्या क्वाडना सी.व्ही. मानवला. यामाहाच्या दोन खेळाच्या क्वाड पाहिल्या तर हें अधिक स्पष्ट होतें. २००१ सालच्या रॅप्टर ६६० ला मिकुनीचे दोन सी.व्ही. होते, मोठें एंजिन, सपाटून जोर, पण तो लाटेसारखा चढत येणारा. २००४ सालची वायएफझेड ४५० शर्यतीसाठीं घडविलेली, म्हणून तिला एफसीआर. त्यांच्या आधींची, १९८७ सालापासूनची बॅन्शी ही दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक. तिला साधे गोल स्लाइडचे दोन मिकुनी. तेथें दोन्ही स्लाइड एकाच क्षणीं उचलल्या गेल्या पाहिजेत, नाहींतर एक सिलिंडर दाट आणि दुसरा विरळ, हा धोका मालकानें कायम लक्षांत ठेवावयाचा.

जात कोणतीहि असो, रस्ता सोडला कीं कांहीं शत्रु सर्वांनाच समान. पहिला तिरपेपणा. वाटी कलंडली कीं जेट उघडा पडतो किंवा पेट्रोल बाहेर सांडतें. म्हणून रानगाडीच्या कांहीं कार्ब्युरेटरांत जेटभोंवतीं पेट्रोल अडवून धरणारें छोटें कडें बसवितात. दुसरा पाणी. वाटीला बाहेरची हवा मिळावी म्हणून बारीक नळ्या खालीं सोडलेल्या असतात. ओढा ओलांडतांना त्यांचीं सर्व तोंडें बुडालीं तर वाटीवर हवेचा दाब पडत नाहीं आणि एंजिन भर पाण्यांत बंद पडतें. जाणते स्वार त्या नळ्यांना फांटा जोडून एक तोंड टांकीखालीं उंच नेऊन ठेवतात. खर्च नगण्य, पण ओढ्याच्या मध्यावर त्याचें मोल कळतें. तिसरा धूळ आणि वाळू. हाताच्या स्लाइडमध्यें वाळूचा कण अडकला तर मूठ सोडल्यावरहि स्लाइड उघडीच राहण्याचा संभव असतो, आणि पुरी उघडी राहिलेली गाडी म्हणजे बेफाम घोडा. म्हणून एफसीआरला उघडण्याची एक आणि ओढून बंद करण्याची एक, अशा दोन तारा असतात. हवेची जाळी स्वच्छ ठेवणें आणि निघण्यापूर्वीं मूठ सोडून ती चट्कन् मिटते कीं नाहीं हें पाहणें, हा येथला पहिला नियम.

चौथा शत्रु घरांतच बसलेला असतो. हल्लीं आपल्याकडील पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉल हवेंतला ओलावा शोषून घेतें, आणि त्याला जळावयास हवा कमी लागत असल्यामुळें त्याच जेटांवर मिश्रण थोडें विरळ पडतें. हौसेची गाडी पावसाळाभर उभी राहावयाची असेल तर वाटीच्या तळचा स्क्रू सैल करून पेट्रोल काढून टाकावें. बारीक जेट बुजण्याचे निम्मे प्रसंग तेवढ्यानें टळतात.

आतां कोणी म्हणेल कीं, कार्ब्युरेटरचे दिवस संपले, मग हा खटाटोप कशाला? त्यांत तथ्य आहे. सुझुकीनें २००६ सालच्या एलटी-आर ४५० क्वाडवर आणि २००८ सालच्या आरएम-झेड ४५० मोटारसायकलीवर इंधनक्षेपण आणलें. केटीएमनें २०१८ च्या टू-स्ट्रोकांतहि तें आणलें. ‘हिमालयन’नें तें २०१७ सालींच स्वीकारलें. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम लागू झाल्यावर नव्या गाड्यांतून जुना कार्ब्युरेटर बहुतेक हद्दपार झाला. इंधनक्षेपणाचा मेंदू हवेचा दाब व उष्णता मोजून पेट्रोलची मात्रा स्वतः ठरवितो. हात आणि श्वास यांच्यामध्यें त्यानें एक मध्यस्थ बसविला. परंतु जुन्या गाड्या, लहान मुलांच्या शिकाऊ गाड्या आणि शर्यतीच्या कांहीं टू-स्ट्रोक गाड्या यांतून कार्ब्युरेटर आजहि श्वास घेत आहे, आणि त्या गाड्या घेणारे, विकणारे व उघडून बसणारे लोकहि पुष्कळ आहेत.

त्यांच्यासाठीं सांगावयाचें तें असें. लांबचा प्रवास, उंच घांट, ओझें, किंवा नवशिका हात असेल तर सी.व्ही. हा समंजस सोबती आहे. त्याला काढून शर्यतीचा कार्ब्युरेटर बसविण्यानें बहुधा पेट्रोल आणि पैसा दोन्ही जातात. शर्यत, उड्या आणि कसलेला हात असेल तर फोर-स्ट्रोकला पिचकारीचा एफसीआर, आणि टू-स्ट्रोकला पीडब्ल्यूके किंवा टीएमएक्स. मिस्त्रीपासून दूर, जुन्या गाडीवर, स्वतःच्या हातानें सर्व करावयाचें असेल तर साधी गोल स्लाइड. घरांतल्या मुलाला क्वाड किंवा रानगाडी घेऊन देणाऱ्या वडील मंडळींनीं तर दुकानदाराच्या ‘शर्यतीच्या गाडीचाच कार्ब्युरेटर आहे’ या शिफारशीनें हुरळून न जातां, तें यंत्र मुलाच्या अंगठ्याची चूक किती पोटांत घालतें, हा प्रश्न आधीं विचारावा. त्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावर गळ्याचे मिलिमीटर आणि जेटचे आंकडे सावकाश पाहतां येतील.